घरचा हिशेब

गोरक्ष मास्तरांनी मारुतीच्या देवळातून भजनी मंडळाची पेटी स्वतःच्या खांद्यावरून शाळेत आणली, टेबलावर ठेवली, धोतराच्या सोग्यानं तिच्यावरची धूळ पुसली आणि दोन पावलं मागे सरून ते कौतुकानं उभे राहिले.

"घ्या बाई," ते म्हणाले. "भाता जरा गळतो. पण तुमच्या हाताखाली बोलेल."

दयाबाई साळवे त्याच सकाळी नगरहून आल्या होत्या. त्यांची पत्र्याची ट्रंक अजून दाराशीच होती. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं.

"मला पेटी येत नाही, मास्तर."

"असं कसं? मिशनच्या शाळेत शिकलात ना?"

"शिकले. पण पेटी नाही शिकले."

मास्तरांना हा विनय वाटला, आणि विनयी माणसाला थोडा आग्रह करावा लागतो हे त्यांना ठाऊक होतं. हिंगणवाडीच्या शाळेला दुसरा शिक्षक द्या म्हणून त्यांनी बोर्डाकडे अर्ज करकरून बोटं झिजवली होती. शेवटी शेहेचाळीस साली भिंगारची एक ख्रिस्ती बाई येते आहे असं कळलं, तेव्हा बाईंनी गावात पाऊल टाकायच्या आधीच मास्तरांनी मनातल्या मनात कामाची वाटणी करून टाकली. गाणं, शिवण आणि बिगरीची, म्हणजे पहिलीच्याही आधीची, पोरं बाईंकडे. गणित, वाचन आणि तपासणीला येणारे डिपोटीसाहेब जे जे विचारतात ते सगळं आपल्याकडे. मिशनची बाई म्हणजे गाणार, पेटी वाजवणार आणि क्रोशाचे रुमाल विणणार, यात त्यांना विचार करण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

"पेटी राहू द्या," ते म्हणाले. "नुसती चिमणीची कविता म्हणा. पोरं मागनं म्हणतील."

बाईंनी पदर सावरला आणि कविता सुरू केली. त्यांचा सूर पहिल्या ओळीला घरातून निघाला तो दुसऱ्या ओळीला वाट चुकला आणि कविता संपेपर्यंत काही परत आला नाही. बिगरीची पोरं आनंदानं थक्क झाली. मागच्या बाकावरच्या चौथीतल्या सकीनानं तोंडात ओढणी कोंबली. मास्तरांचे कान तयार होते. एकादशीला देवळात त्यांनी अभंग धरला की वेशीपलीकडची माणसं कांबळं घेऊन येऊन बसत. शाळेत मात्र ते कधी गात नसत. हेडमास्तर गायला लागला की पोरं हिशेब करायची थांबतात, असं त्यांचं मत होतं. बाईंची कविता त्यांनी डोळे मिटून, दाढ काढून घेणाऱ्याच्या धीरानं ऐकली.

शिवणाचीही तीच गत झाली. बाईंनी घातलेला टाका सरळ जाईल याचा भरवसा नव्हता. आठवड्यानं मास्तरांनी जमेल तितक्या हळुवारपणे विचारलं.

"बाई, रागावू नका. पण तुम्हाला मन लावून शिकवावंसं वाटतं असं काय आहे?"

"गणित," बाई लगेच म्हणाल्या. "माझे वडील भिंगारच्या छावणीत घोड्यांच्या दाण्याचा हिशेब ठेवायचे. मी पोत्यांवर बसून शिकले."

मास्तर मनापासून हसले.

"गणिताची काळजी तुम्ही नका करू. ते माझ्याकडे आहे."

आणि खरंच ते त्यांच्याकडे होतं. गोरक्ष मास्तरांचे तोंडी हिशेब साऱ्या टापूत नावाजलेले होते. पुस्तकातले आगगाडीचे आणि हौदाचे हिशेब पोरांच्या डोक्यावरून जातात, हे त्यांनी फार वर्षांपूर्वी ओळखलं होतं, आणि त्यावर त्यांनी स्वतःचा तोडगा काढला होता. ज्या पोराच्या घरी जे चालतं, त्यातलाच हिशेब त्याला घालायचा. किसनदास वाण्याच्या बन्सीला गुळाचा आणि तुपाचा नफा. अलीम पिंजाऱ्याच्या सकीनाला कापूस आणि गाद्या. धनगराच्या गोजराला मेंढरं. पाटलाच्या दगडूला औतं आणि बिघे. महाराच्या केरूला तालुक्याला टपाल पोचवण्याचा. पोरं धडाधड उत्तरं देत. मास्तर नुसतं म्हणत, "हं, पिंजाऱ्याचा हिशेब," की सकीना उभी राहायचीच. यात त्यांची माया होती, यात शंका नाही. प्रत्येक पोराच्या घरचा धंदा त्यांनी डोळ्यांनी पाहून त्यातून हिशेब बनवले होते. इतकी मेहनत कोण घेतो?

फक्त गेल्या साली एक विपरीत घडलं होतं.

हिंगणवाडीची शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीसाठी पारनेर नाहीतर नगर गाठावं लागे, म्हणजे ज्याच्या बापाची ऐपत असेल त्यानंच गाठायचं, आणि मुलींनी तर नाहीच. गावात पाचवीचा वर्ग यावा आणि त्याचं गणित आपण शिकवावं, एवढी एकच गोष्ट मास्तरांनी आयुष्यात मनापासून मागितली होती. गेल्या साली डिपोटीसाहेब त्याच कामासाठी तपासणीला आले. मास्तरांनी पोरांना हिशेबांच्या क्रमानं बसवलं होतं. पण साहेबांना तो क्रम कुठं ठाऊक? त्यांनी समोर दिसली त्या सकीनाला उभं केलं आणि विचारलं, पाच रुपयांचा गूळ आणून सहाला विकला, तर नफा किती?

सकीनानं बन्सीकडं पाहिलं. साहेबांनी पुन्हा विचारलं.

"ह्यो आमचा हिशेब न्हाई," ती म्हणाली. "बन्सीला इचारा."

साहेबांनी मग गोजराला कापसाचं विचारलं. तिनं सकीनाकडं बोट दाखवलं. वर्ग कच्चा आहे, पाचवीचा विचार पुढच्या साली, असा शेरा पडला. मास्तर रात्री जेवले नाहीत. एवढी हुशार पोर, पण एका रुपयाला अडली. साहेबाला पाहून तिची पाचावर धारण बसली असणार, असं त्यांनी धरून चाललं होतं. ती आता चौथीत होती. अलीमनं त्यांना सांगून ठेवलं होतं, "गावात पाचवी आली तर शिकंल मास्तर. न्हाई आली तर तिच्या अम्मीसंगं गाद्या टाचंल. परगावी न्हाई धाडायची."

भाद्रपदातली एक दुपार. मास्तर शाळेच्या मागच्या बाजूला, खिडकीखालच्या रांजणात पाणी आहे का पाहत होते. आत शिवणाचा तास चालला होता. दयाबाई सकीनाकडून उसवलेला टाका कसा लपवायचा ते शिकून घेत होत्या, आणि बोलता बोलता त्यांनी गेल्या सालचं काढलं.

"घाबरली होतीस का गं?"

"न्हाई बाई."

"मग? एक रुपया, हे येत नव्हतं तुला?"

"येत हुतं की." सकीनाच्या आवाजात बाईंच्या अज्ञानाची कीव होती. "पन त्यो वान्याचा हिशेब हुता. आमी पिंजारी. आमी कसा करायचा?"

"कुणी सांगितलं, करायचा नाही म्हणून?"

"कुनी कशाला सांगंल? मास्तर रोज वाटून देत्यात की."

मग बाईंचा आवाज आला, "दोरा संपला बघ. दुसरा ओव." बाहेर मास्तर रांजणाच्या झाकणावर हात ठेवून उभे होते. रांजण भरलेला होता हे पाहून झालं होतं, तरी ते तिथून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंकडे न पाहता सांगितलं, "शनिवारी सकाळी गणिताचा तास तुम्ही घेत चला. मला देवळात काम असतं."

देवळात काही काम नव्हतं. शनिवारी ते बिगरीची पोरं घेऊन ओसरीवर बसले, आणि कान आत ठेवून त्यांना पाढे सांगत राहिले.

बाईंनी मास्तरांचे हिशेब बदलले नाहीत. एकही नाही. मास्तरांना वाटलं होतं, आता त्या आपली पद्धत मोडीत काढणार, वर दोन शब्द सुनावणार. तसं काही झालं नाही. त्या पोरांना एवढंच म्हणाल्या, "आजपासून ज्यानं त्यानं आपल्या घरचा हिशेब दुसऱ्याला घालायचा. घालणारानंच तपासायचा. चूक बरोबर मला नाही विचारायचं."

सकीनानं आपला हिशेब बन्सीला घातला. मणभर, म्हणजे चाळीस शेर कापूस, शेरामागं अदपाव, म्हणजे आठवा हिस्सा कचरा जातो, एका गादीला पाच शेर कापूस, तर गाद्या किती? वाण्याचा पोर, त्यानं बोटंही मोजली नाहीत.

"आठ."

"सात," सकीना म्हणाली. "कचरा कुटं ठिवलास?"

"अदपाव त्यो काय आन् त्याचा कचरा त्यो काय? सोडून दिला."

"आमाला न्हाई सोडता येत."

बन्सीला ते पटेना. बाईंनी पटवलं नाही. त्या म्हणाल्या, "मग जाऊन बघून ये." आणि बन्सी संध्याकाळी खरोखर पिंजाऱ्याच्या दारात गेला. अलीम पिंजत होता. पिंजणाची तार टणटणत होती, आणि प्रत्येक टणक्याला खाली सरकीचा चुरा आणि माती पडत होती. अलीमनं तो चुरा तागडीत घालून दाखवला. बन्सी घरी आला तो डोक्यावर, भुवयांवर, कानात कापूस घेऊन.

सोमवारी किसनदास शेट शाळेच्या पायरीवर उभे. पिढ्यान् पिढ्या हिंगणवाडीत दुकान घालून त्यांची बोली गावाचीच झाली होती.

"मास्तर, म्या पोराला शाळंत धाडतो का पिंजाऱ्याकडं कामाला? आपली सोडून दुसऱ्याची इद्या कशापायी?"

गेल्या साली विचारलं असतं तर शेट बोलले तेच मास्तर स्वतः बोलले असते. तेवढ्यात दयाबाई दारात आल्या.

"शेटजी, बन्सीच्या हिशेबानं तुम्ही आठ गाद्यांची मजुरी देऊन सात घरी आणल्या असत्या. आता नाही आणणार. तुम्हीच सांगा, त्याला वाण्याची विद्या आली की पिंजाऱ्याची?"

शेटजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली. जाताना ते एवढंच म्हणाले, "कापूस झटकून धाडत जा." त्यावर बाई जे हसल्या ते त्यांच्या गाण्याहून पुष्कळ सुरेल होतं, असं मास्तरांना वाटून गेलं.

पुढच्या शनिवारी केरूची पाळी होती. केरू दाराशी बसायचा. त्याला तिथं कुणी बसवलेलं नाही, तो आपण होऊनच बसतो, असं मास्तर नेहमी सांगत. त्यानं आपला हिशेब पाटलाच्या दगडूला घालायचा होता. आणि दगडूची पाटी तपासायची तर ती केरूच्या हातात जायला हवी होती.

केरूनं बसल्या जागेवरून हिशेब सांगितला. वेसकर सकाळी सहाला टपाल घेऊन निघाला. पारनेर बारा मैल. तासाला तीन मैल. टपाल देऊन फिरला. घरी किती वाजता पोचंल?

दगडूनं लिहिलं. मग तो पाटी घेऊन उभा राहिला. दारापर्यंत चार पावलं असतील. ओसरीवर मास्तरांचा पाढा थांबला. आता बाईंनी काही बोलावं असं त्यांना वाटलं. जा म्हणावं, नाहीतर राहू दे म्हणावं. बाई खिडकीबाहेर बाभळीकडे बघत होत्या. त्यांच्या आज्याला बाटण्याआधी गावात काय म्हणत, हे हिंगणवाडीनं त्या आल्याच्या आठवड्यात शोधून काढलं होतं, आणि त्या गोष्टीचा या घटकेशी काय संबंध होता ते मास्तरांना आत कुठंतरी नीट कळत होतं. तरी बाईंनी मान वळवली नाही. त्यांना जणू सारी सकाळ मोकळी होती.

दगडू चालत दारापाशी गेला आणि त्यानं पाटी केरूच्या हातात दिली.

"दहा वाजता?" केरू म्हणाला. "कसं रं?"

"घोड्यावरनं दुप्पट जातंया."

"घोडं न्हाई. माझा बा पायी जातो."

दगडूनं पाटी परत घेतली, थुंकी लावून पुसली आणि तिथंच केरूशेजारी मांडी घालून बसला. "मंग दोन वाजता."

केरूनं पाटीकडं पाहिलं. मग म्हणाला, "बा सांजंला येतो."

"दोनच येत्यात. मोज की."

"कचेरीत बसवून ठिवत्यात. कवा सोडत्याल त्याचा नेम न्हाई."

बाई तेव्हा वळल्या. त्या फळ्यापाशी गेल्या, जाण्याचे चार तास, येण्याचे चार तास असं लिहिलं, आणि त्याच्या मधे त्यांनी एक ओळ घातली: बसवून ठेवलं तो वेळ. "हा पण धरायला हवा," त्या म्हणाल्या. "पुढचा हिशेब कुणाचा?"

ओसरीवर मास्तर बसून राहिले. हा हिशेब त्यांनी केरूला, केरूच्या थोरल्या भावाला आणि त्याच्याही आधी त्या दोघांच्या चुलत्याला घातला होता. दर वेळी "दोन वाजता" असं उत्तर आलं होतं, आणि दर वेळी त्यांनी शाबास म्हटलं होतं. ही बाई येऊन चार महिने झाले होते. मास्तरांना तिचा हेवा वाटला, आणि हेव्याहून कितीतरी जास्त अभिमान वाटला; एखाद्या परक्या बाईबद्दल इतका अभिमान वाटावा याचं त्यांना नवल वाटलं.

नंतर शनिवारचा तास बुधवारीही होऊ लागला. दिवाळी उलटेपर्यंत चौथीचं सगळं गणित बाईंकडे आणि बिगरीची पोरं मास्तरांकडे गेली. हे तात्पुरतं आहे, असं मास्तर सांगत. कुणाला सांगत ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारत नव्हतं. बाईंकडे गाण्याचा तास तेवढा राहिला होता, आणि तो दोघांच्याही अंगावर काटा आणी.

पौषात डिपोटीसाहेब आले.

त्या सकाळी मास्तर शाळेत लवकर आले. पोरांना क्रमानं बसवायची जुनी खोड हाताला होती. पोरं आली आणि आपापल्या मनानं बसली. केरू दगडूच्या शेजारी, सकीना खिडकीशी, बन्सी पार मागं. मास्तरांनी एकदा तोंड उघडलं. मग त्यांनी हात मागे बांधले आणि पोरं होती तशी राहू दिली. पाचवी मिळायची तर या बसण्यावर मिळणार, नाहीतर पुन्हा साल जाणार. आणि सकीनाचं तर सालसुद्धा उरलेलं नव्हतं.

साहेब वयस्क, सुखवस्तू, वागायला बरे गृहस्थ होते. चहा घेता घेता त्यांनी हजेरीपुस्तक चाळलं, त्यातला बापाच्या धंद्याचा रकाना बघितला आणि त्यांची मुद्रा खुलली.

"सकीना अलीम पिंजारी कोण?"

सकीना उभी राहिली. साहेबांना गेल्या सालची पोर आठवली नाही.

"पिंजाऱ्याची तू, म्हणजे कापसाचं येत असेल. पंधरा शेर कापूस, एका दुलईला तीन शेर. दुलया किती?"

"पाच. पन कचरा धरायचा का सोडायचा?"

"नाही, कचरा राहू दे," साहेब हसले. "बस खाली. शाबास."

सकीना बसली नाही. तिनं बाईंकडे पाहिलं. बाई पुन्हा खिडकीबाहेर बघत होत्या. मग तिनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी, आपण काय करतो आहोत हे नीट कळायच्या आत, मान हलवली.

"साहेब," सकीना म्हणाली, "ह्यो तर आमच्या घरचाच हुता. आता बन्सीच्या घरचा घाला."

साहेबांनी चष्मा काढला.

"बन्सी कोण?"

"वान्याचा," मागून बन्सी म्हणाला. "नफ्याचा इचारा साहेब. येतो तिला."

"बरं. आठ रुपयांचं तूप घेतलं, दहाला विकलं. शेकडा नफा किती?"

सकीनाचे ओठ हलले.

"शेकडा पंचवीस," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "पन तूप डब्यासकट तोललं का डब्याबिगर?"

साहेब खळखळून हसले. मग त्यांनी सगळ्यांनाच विचारायला सुरुवात केली, आणि विचारता विचारता त्यांना त्यात रस आला. केरूनं बिघ्यांचा हिशेब केला. गोजरानं कापसाचा केला, कचऱ्यासकट. बन्सी मेंढरांत एकदा चुकला, तर गोजरा जागेवरूनच म्हणाली, "कोकरं धर की." साहेबांचा चहा निवून गेला होता.

"गोरक्ष मास्तर," ते म्हणाले, "तुमच्या गणिताचं नाव ऐकत होतोच. आज पाहिलं. पाचवीची शिफारस मी करतो. गणिताला तुमच्यासारखा माणूस असल्यावर बोर्ड अडवायचं नाही."

मास्तर उभे होते. जे शब्द ऐकायला त्यांनी आयुष्य काढलं ते त्यांच्या कानावर पडले होते, त्यांच्याच नावानं, पोरांच्या देखत. त्यावर फक्त "साहेबांची कृपा" म्हणायचं होतं. तेही पाठ होतं.

साहेब तेवढ्यात दयाबाईंकडे वळले होते. टेबलाच्या कोपऱ्यातली पेटी त्यांना दिसली.

"आणि बाई, तुम्ही मिशनच्या. आता एखादं गाणं होऊ द्या. तेवढ्यानं तपासणी गोड होईल."

बाईंचा चेहरा उतरला. साऱ्या हिशेबांत त्यांच्या कपाळावर एक आठी पडली नव्हती. आता त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती घट्ट गुंडाळलं. बिगरीच्या पोरांनी आनंदानं एकमेकांना कोपरं मारली. बाई एक पाऊल पुढे आल्या, कारण साहेबांना नाही कसं म्हणायचं?

"साहेब," गोरक्ष मास्तर म्हणाले, "बाईंना गाणं येत नाही."

"येत नाही?"

"अजिबात नाही. आणि आत्ता जे गणित ऐकलंत ते माझं नव्हे, बाईंचं. पाचवी आली तर गणित त्या घेतील. शिफारशीत तसं लिहावं."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, हजेरीपुस्तकाकडे पाहिलं; तिथं कुणाच्या नावापुढं काही मदत मिळण्यासारखी नव्हती.

"मग मास्तर, तुम्ही काय करणार?"

मास्तरांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. पेटी पुढे ओढली, भात्याची कडी काढली आणि गळका कोपरा डाव्या कोपरानं दाबून धरला. चिमणीच्या कवितेची पहिली ओळ त्यांनी धरली, तेव्हा पोरं हसायच्या बेतात होती. दुसऱ्या ओळीला ती हसायची राहून गेली. ज्या आवाजासाठी माणसं एकादशीला देवळाबाहेर कांबळं घेऊन बसत, तो शाळेत पहिल्यांदाच आला होता. रस्त्यानं चाललेला अलीम पिंजारी पिंजण खांद्यावर घेऊन दाराशी थबकला. साहेबांनी टाक दौतीत बुडवला आणि तो तसाच धरून बसले.

तिसऱ्या ओळीला सगळी पोरं मास्तरांच्या मागून गाऊ लागली. दयाबाई फळ्यापाशी उभ्या राहून टेबलावर बोटांनी ताल धरत होत्या. तो साफ चुकीचा होता. सकीनानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर गाता गाता हसले, आणि बाईंचा ताल सांभाळून घेत त्यांनी पुढची ओळ जरा सावकाश धरली.